चौथा डबा

सगळे त्यांना मिणमिणे म्हणत. ते त्यांचं आडनाव नव्हतं. दिवा हळूहळू उतरवत नेऊन मिणमिणता ठेवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून कुणा नटाने ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. त्यांना त्याचा राग नव्हता. "भगभगे म्हणाला असता तर आला असता," असं ते म्हणत.

मी त्यांना काका म्हणायचो. ते मला साहित्यिक म्हणायचे. मी साहित्यात पदवी घेतली होती आणि नोकरी मिळत नव्हती, एवढ्यावरून.

काका साठीचे. बुटके, काटक. शर्टाच्या खिशात टेस्टर, आणि टेस्टरला टेकून बायकांची केसांची एक पिन. तीस वर्षं ते एका जुन्या नाट्यगृहात दिव्यांवर होते. तिथे भिंतीएवढा बोर्ड होता आणि त्याला लोखंडी दांडे. संध्याकाळ करायची तर दोन हातांनी दोन दांडे आणि गुडघ्याने तिसरा, असे ते एकाच वेळी खाली आणायचे. मग नाट्यगृह बंद पडलं. बोर्ड भंगारात गेला. काकांनी चार डिमर घेतले, दिवा कमीजास्त करणारे. कुठेही उचलून न्यायचे, स्वस्तातले. त्यांना ते डबे म्हणायचे.

डबा बुटांच्या खोक्याएवढा. काळा पत्रा, वर मूठ, पुढे चार सॉकेट, प्रत्येकाला आपला फ्यूज. मागे एक ओळ बारीक दांड्यांची, नखाहून लहान. त्या वरखाली करून डब्याला त्याचा नंबर द्यायचा, म्हणजे हातात मावणाऱ्या नव्या बोर्डावरची कुठली सरकती पट्टी ओढल्यावर कुणी ऐकायचं ते डब्याला कळतं. केसांची पिन त्यासाठी होती.

"महागातल्या डब्यांत अक्कल असते," काका म्हणायचे. "यांच्यात नाही. यांची अक्कल आपण आपल्या डोक्यात बाळगायची."

ती अक्कल म्हणजे तीन गोष्टी. एका सॉकेटवर पाचशे वॅटचा एकच दिवा. फ्यूज उडाला तर तेवढाच फ्यूज घालायचा, तारेचा तुकडा नाही. आणि डिमरवर मोटर लावायची नाही. पंखा नाही, धुराचं मशीन नाही, काही नाही.

"का पण, काका?"

"डिमर वीज तोडून तोडून देतो. दिवा गरीब आहे, तो चालवून घेतो. मोटर चिडते. स्वतः मरते, नाहीतर डब्याला मारते."

हे त्यांनी मला किमान वीस वेळा सांगितलं असेल. ते महत्त्वाचं आहे म्हणून लिहितो.

आमचा नाटकाचा ग्रुप लहान. प्रयोगाला ते तीनच डबे आणायचे. एक, दोन, तीन, असे पांढऱ्या रंगाने आकडे घातलेले. चार नंबर मी कधी पाहिला नव्हता. एकदा विचारलं.

"तो घरी नोकरीला आहे," ते म्हणाले, आणि मला घरी घेऊन गेले.

दोन खोल्या. खिडक्यांना जुन्या नाट्यगृहाचे काळे पडदे, खालून कापून बेताचे केलेले. पलंगाशेजारी स्टुलावर चौथा डबा. त्यातून चार वायरी निघून भिंतीवरून चार दिव्यांकडे गेलेल्या. पलंगाच्या उशाशी चार पट्ट्यांचा एक छोटा बोर्ड. ट्यूबलाइटच्या बटणावर चिकटपट्टी, एकावर एक, तीन थर.

काकू पलंगावर बसल्या होत्या. डोक्याच्या ऑपरेशननंतर त्यांना झटके यायचे. कधी आवाजाने, बहुतेक वेळा उजेडाने. उजेडाने म्हणजे अचानक उजेडाने. कुणी पटकन बटण दाबलं, वीज जाऊन एकदम आली, की शरीर ताठ व्हायचं, दात बसायचे. अंधाराला त्या घाबरत नव्हत्या. अंधार आपला हळूहळू येतो.

रोज दिवेलागणीला काका पलंगाच्या कडेला बसायचे आणि पहिली पट्टी वर सरकवायला लागायचे. एक ते नव्वद. काकू बरोबरीने आकडे म्हणायच्या, ओठांतल्या ओठांत. नव्वदला खोली उजळलेली असायची आणि उजेड कधी आला ते कळलेलं नसायचं. मी तिथे होतो त्या दिवशी पन्नासच्या सुमाराला मला काकूंचा चेहरा दिसायला लागला. त्या हसत होत्या.

"बघतोस काय," त्या म्हणाल्या. बोलणं सावकाश, शब्द शोधत. "माझी रोज एन्ट्री असते. टाळ्या मात्र कुणी वाजवत नाही."

मी वाजवल्या. काकांनी डोळे वटारले. आवाज.

चहा पिताना काकांनी मला बाहेरच्या खोलीत बाकीचं सांगितलं. काकूंच्या भावाला हे पटत नव्हतं. तो चांगला माणूस होता. रविवारी यायचा, औषधं आणायचा, फळं आणायचा. पण गेल्या वेळचा झटका त्याच्यासमोर आला होता आणि तो हादरला होता. "दाजी, हे काही घर नाही, हे नाटक आहे," तो म्हणाला होता. "आणखी एक झटका येऊ दे. मग मी तिला संस्थेत ठेवणार. तिथे नर्स आहे, डॉक्टर आहे. तुम्ही आडवे येऊ नका." डॉक्टरांनीही मान डोलावली होती.

"म्हणजे आणखी एक नाही," काका म्हणाले. "एवढंच. आणखी एक येऊ द्यायचा नाही."

त्यांनी मेहुण्यालाही पट्टी सरकवायला शिकवलं होतं. त्याने ती हसत हसत शिकून घेतली होती.

आठ महिने झटका आला नाही.

मग आमची एकांकिका अंतिम फेरीत गेली. एका कॉलेजच्या हॉलमध्ये, डिसेंबरातल्या रविवारी, दुपारी दोनला आमचा नंबर. हॉल नवा होता आणि दिवे नुसते लागायचे नाहीतर विझायचे. ज्याने त्याने आपापली सोय करायची.

एकांकिका मी लिहिली होती, बसवलीही मीच. शेवट असा की एक म्हातारा खुर्चीत बसलेला आहे आणि खोलीत संध्याकाळ उतरते. दीड मिनिट. संवाद नाहीत. उजेड जातो, म्हातारा राहतो, मग म्हाताराही जातो. तालमीत काका हे पहिल्यांदा करत होते तेव्हा मी मागून संहिता वाचत होतो आणि वाचता वाचता थांबलो. मी चार पानं लिहून जे केलं होतं ते ते एका बोटाने करत होते. या शेवटावर आमचं सगळं होतं. तो तीन नंबरच्या डब्यावर होता.

त्या दिवशी सकाळी मला वाटलं, सुरुवातीला थोडा धूर हवा. मशीन भाड्याचं आणलं होतं. रंगमंचाच्या डाव्या बाजूला साधं सॉकेट नव्हतं. तीन नंबरचा डबा समोर होता. काका शिडीवर होते. एका दिव्याची वायर काढून मी धुराचं मशीन तिथे लावलं. बोर्डावरची ती पट्टी पूर्ण वर केली. पूर्ण वर म्हणजे साध्या सॉकेटसारखंच की, असं मी स्वतःला सांगितलं. दोन मिनिटं धूर आला. मग डब्यातून निराळाच धूर आला.

मी मशीन काढलं. दिव्याची वायर परत लावली. दिवा लागला, भगभगीत. पट्टी खाली ओढली. दिवा तसाच. पुन्हा ओढली. तसाच.

काका शिडीवरून उतरले. त्यांनी डबा हुंगला. मग धुराच्या मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाकीची मुलं जमली होती.

"काय झालं, काका?"

"जुना माल," काका म्हणाले. "आतून गेला."

ते त्यांना म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही.

डबा मेला की अंधार होतो असं मला वाटायचं. तसं नसतं. आतला तुकडा जळला की वीज अडवणारं कुणी उरत नाही. दिवा पेटलेलाच राहतो, पूर्ण. विझवायचा तर वायरच उपटावी लागते. एक सॉकेट असं झालं होतं आणि शेजारचं फडफडत होतं. उरलेल्या दोन डब्यांवर जागा नव्हती. पलीकडच्या ग्रुपच्या दिवेवाल्याकडे गेलो. त्याचं सगळं कॉम्प्युटरवर होतं. "आमचं सेटिंग लागलंय, राजा," तो म्हणाला. "हलवता येणार नाही."

अकरा वाजले होते. मी काकांना पायऱ्यांवर गाठलं.

"काका, चौथा."

त्यांनी घड्याळ बघितलं.

"दोनला आपला नंबर आहे. तीनला मोकळे. साडेतीनला डबा घरी. दिवसाउजेडी घरात दिव्याचं काम काय?"

हे खरं होतं. मला आजही वाटतं की ते खरं होतं.

"काका, या एकांकिकेला दोन वर्षं दिलीत हो. शेवट गेला तर काही राहत नाही."

मी रडलो असं मुलं नंतर म्हणाली. मला आठवत नाही.

माझ्या स्कूटरवर आम्ही गेलो. काकूंजवळ शेजारच्या ताई बसल्या होत्या. काका बाहेर जात तेव्हा त्या बसायच्या. काकांनी पडदे बाजूला केले, एकेक, सावकाश. खोलीत दुपार आली. मग त्यांनी चारही दिव्यांच्या वायरी काढल्या.

"आज त्याला कुठे नेताय?" काकूंनी विचारलं.

"एक प्रयोग आहे. दिवेलागणीच्या आत येतो."

"नाटकातल्या बायकांना उजेड, आणि मला काय?"

"यात बाई नाही. एक म्हातारा आहे."

"मग न्या," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुझा आहे का रे म्हातारा?"

"हो."

"मग नीट मार त्याला."

ताई म्हणाल्या, "मी साडेपाचपर्यंत आहे बरं का. मग माझी ड्यूटी आहे."

"साडेपाच कशाला," मी म्हणालो. "आम्ही चारला येतो."

स्कूटरवर मागे बसून काकांनी डबा मांडीवर घेतला होता. सिग्नलला त्यांनी पिन काढली आणि मागच्या बारीक दांड्या एकेक करून हलवल्या. चार नंबर तीन नंबर झाला.

दोनला आमचा नंबर लागला नाही. परीक्षकांची गाडी उशिरा आली. मग आमच्या आधीच्या ग्रुपचा जिना कोसळला, नेपथ्यातला, आणि तो उभा करण्यात तास गेला. तीन वाजले. चार वाजले. काका बोर्डाशी बसून होते. दर थोड्या वेळाने हॉलच्या दाराकडे बघत. दाराखाली उन्हाची एक पट्टी होती. ती पिवळी होत चालली होती.

साडेचारला त्यांनी ताईंना फोन केला, त्यांना ड्यूटी चुकवता येत नव्हती. मग मेहुण्याला. मेहुणा सकाळीच येऊन जायचा, त्या दिवशी आला नव्हता. त्याने फोन उचलला नाही.

"मी जाऊन बसतो तिच्याजवळ," काका मला म्हणाले. "डबा असू दे इथे. पट्ट्या तू ओढ."

"शेवट मला जमेल का?"

"नाही जमणार."

"मग?"

त्यांनी पुन्हा दाराकडे पाहिलं. मी गप्प बसलो. तेव्हा मी म्हणायला हवं होतं, जा. हा एक शब्द आहे. मला पुष्कळ शब्द येतात.

"अंधारात ती बसेल," ते म्हणाले, स्वतःशीच. "अंधाराचं काही नाही. अर्धा तास. तिला कळेल."

साडेपाचला पडदा वर गेला.

प्रयोग चांगला झाला. मला त्यातलं काहीच आठवत नाही, शेवटाखेरीज. मी बोर्डाशी काकांच्या मागे उभा होतो. म्हातारा खुर्चीत बसला. काकांनी बोट पट्टीवर ठेवलं. त्यांचे ओठ हलायला लागले. वीस. तीस. बाहेर दिवस मावळला होता. दाराखालची पट्टी केव्हाच गेली होती. त्यांनी घाई करावी असं मला वाटलं आणि त्यांनी घाई करू नये असंही वाटलं. पन्नास. बोट सरकताना दिसत नव्हतं. म्हाताऱ्याचे हात गेले, मग गुडघे. कुणी खोकत नव्हतं. नव्वदला पट्टी तळाला टेकली आणि अंधारात टाळ्या सुरू झाल्या. तोवर काकांनी डब्याची वायर काढली होती.

त्या टाळ्या ऐकायला मी थांबलो नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

घराच्या दारात चपला होत्या. ट्यूब लागलेली होती. पलंग रिकामा, चादर अर्धी जमिनीवर. काकूंचा भाऊ स्टुलावर बसला होता, जिथे डबा असायचा तिथे. हातात चिकटपट्टीचा गोळा होता. तो दोन बोटांनी मळत होता.

"हॉस्पिटलात नेलंय," तो म्हणाला. "माझी बायको आहे बरोबर. मी तुमच्यासाठी थांबलो."

काका उभेच राहिले. डबा त्यांच्या हातात होता.

"सकाळी जमलं नाही म्हणून आत्ता आलो. दार लोटलेलं. आत मिट्ट काळोख. हाक मारली तर म्हणाली, मी इथे आहे. एकटी. दाजी, माझी बहीण अंधारात एकटी बसली होती."

"अर्धा तासच," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. हा कोण, असं.

"मी चाचपडत पट्टी शोधली," तो पुन्हा काकांना म्हणाला. "तुम्ही शिकवली होती तशीच सरकवली. मोजून. ती पण मोजत होती माझ्याबरोबर. नव्वद झाले तरी काही नाही. म्हटलं चुकलं असेल, पुन्हा केलं. चार वेळा केलं, दाजी. ती म्हणाली, राहू दे, ते घेऊन येतीलच. मला वाटलं दिवेच बिघडले. वाटलं, तिला काही झालं तर अंधारात कळणार कसं मला?"

त्याने चिकटपट्टीचा गोळा स्टुलावर ठेवला. तो स्टुलाला चिकटला.

"मग मी हे काढलं आणि बटण दाबलं. ट्यूब आधी लुकलुकली. तीनदा. आणि..."

मोठा माणूस, टक्कल पडलेला. तो मनगटाने नाक पुसत राहिला.

काकांनी डबा खाली ठेवला. वाकताना त्यांच्या खिशातली पिन पडली. ती त्यांनी उचलली नाही.

मेहुण्याने विचारलं, "डबा कुठे होता?"

मी तोंड उघडलं.

"माझं काम होतं," काका म्हणाले. "मी नेला होता."

मी तोंड मिटलं. धुराच्या मशीनचं मी त्या दिवशी सांगितलं नाही. नंतरही नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय.

काकू दहा दिवस हॉस्पिटलात होत्या. तिथून त्यांना परस्पर संस्थेत नेलं. काका आडवे आले नाहीत. त्यांनी फक्त चौथा डबा उचलून बरोबर नेला. संस्थेच्या मॅडमनी तो उलटसुलट करून पाहिला. "हे काय आहे? वायरी, खोकी काही चालत नाही आमच्याकडे. आग लागली म्हणजे?" काकांनी समजावून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "बत्तीस पेशंट आहेत, काका. एकाला एक केलं की सगळ्यांना करावं लागतं." त्यांचंही खोटं नव्हतं.

खोली लांबलचक. दोन ओळी पलंगांच्या, छताला चौदा ट्यूब, सगळ्यांना मिळून एकच बटण, तेही बाहेर. रोज सव्वासहाला वॉर्डातला माणूस ते दाबतो.

दुसऱ्या दिवशी काका माझ्याकडे आले. चारही डबे दारात ठेवले. तीन नंबरही.

"तू ठेव."

"काका, मला काय येतं यातलं?"

"मोटर लावायची नाही एवढं तर आता येतं," ते म्हणाले.

त्याबद्दल ते कधी बोलले ते इतकंच.

आता ते रोज सहाला संस्थेत जातात. एक दिवस चुकवलेला नाही. पलंगाच्या कडेला बसतात, मागे सरकून, आणि काकूंच्या डोळ्यांवर दोन्ही तळवे ठेवतात. वॉर्डातला माणूस भला आहे. तो बाहेरून ओरडतो, "काका, लावतोय हां!" चौदा ट्यूब लुकलुकतात, लागतात. काकांच्या तळव्यांखाली अंधार असतो. मग ते मोजायला लागतात. पंधराच्या सुमाराला करंगळ्या किंचित सुटतात. तीसला शेजारची बोटं. बोटांमधून उजेड आत येतो, फटीएवढा, मग थोडा जास्त. साठीला आलेल्या माणसाचे हात इतका वेळ उचललेले राहत नाहीत, ते थरथरतात. पण बोट सरकताना दिसत नाही. नव्वदला हात मांडीवर असतात.

शेजारच्या पलंगावरची बाई ते रोज बघते. एकदा म्हणाली, "माझं पण करा की हो." काका म्हणाले, "दोनच हात आहेत, बाई."

औषधांमुळे काकू आता फारसं बोलत नाहीत. कधी कधी ओळखतही नाहीत. त्या आकडे म्हणतात की नाही ते काकांना नीट कळत नाही, ते मागे बसतात म्हणून. मी विचारलं होतं.

काल काकांना ताप होता. उठवत नव्हतं. साडेपाचला मला फोन आला.

"साहित्यिक, जाशील?"

"हो."

"हात धुऊन जा. गार असले तर चोळ आधी."

मी गेलो. काकूंच्या मागे बसलो. त्यांच्या डोळ्यांवर हात ठेवले. पापण्या तळव्याला लागल्या, फडफडल्या, मग थांबल्या. बाहेरून हाक आली. ट्यूब लागल्या. मी मोजायला लागलो, मनात. माझे दंड विसापासूनच दुखायला लागले. बोटं कशी सोडायची तेच कळेना, एक सोडलं की दुसरं आपोआप उघडायचं. भीती वाटत होती. घामाने तळवे ओले झाले. साठला मला वाटलं, झालं, बराच वेळ झाला, आणि मी हात काढायला लागलो.

काकूंनी माझी मनगटं धरली. बोटांत जोर नव्हता. पण त्यांनी माझे हात परत जागेवर आणून ठेवले.

"एकसष्ट," त्या म्हणाल्या.